सिदोबाचा पंचा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे म्हातारी माणसं आपल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्याचं सांगतात त्याच्याही आधी, खडकवळण गावात सिदोबा ढेकळे नावाचा पैलवान होता. असं म्हणतात, तो अलीकडे शिंकला की ओढ्यापलीकडच्या नांदूरठाणची कवाडं आपोआप लागत.

जानाईच्या जत्रेतली शेवटची कुस्ती नांदूरठाणने इतकी वर्षं जिंकली होती, की बक्षिसाची म्हैस निकालाची वाट न बघता सवयीने त्यांच्या वाटेला लागे. म्हणून एका वर्षी खडकवळणने कंबर कसली. घरटी एक तांब्या दूध रोज सिदोबाकडे जाऊ लागलं. पोरांनी कोरडी भाकरी खाल्ली, मांजरांनी गाव सोडलं. रस्त्यात जो भेटे तो रामराम न करता सिदोबाचे दंड चाचपून बघे. हरलो तर या गावात पाणी मागायचीसुद्धा सोय उरणार नाही, हे तो ओळखून होता.

जत्रेत समोर आला नांदूरठाणचा येसाजी फडतरे. त्याने आज्याचा मानाचा लंगोट कसला होता. तो कसून तीन पिढ्यांत कुणी हरलं नव्हतं, आणि शकुन धुऊन जाईल या भीतीने तो फारसा कुणी धुतलाही नव्हता. पहिल्याच रांगेत येसाजीचे होणारे सासरे सहकुटुंब बसले होते.

कुस्ती लागली. असं म्हणतात, हौदातल्या मातीने सूर्य झाकला आणि गावातल्या कोंबड्या झोपायला गेल्या. अखेर सिदोबाने येसाजीला कमरेत धरून उचललं. आता आपटायचं, की म्हैस खडकवळणची. तेवढ्यात त्याच्या हाताखाली काहीतरी टरकन फाटलं. तीन पिढ्यांनी एकदम राजीनामा दिला होता.

सिदोबाने झटक्यात तो लंगोट मागून मुठीत धरला आणि येसाजीला छातीशी आवळलं.

"सिदू," येसाजी त्याच्या कानाशी लागला, "सोडू नगंस, भावा. म्होरं सासरा बसलाय."

"मग हरलो म्हन."

"म्हनतो की! पर म्हनलं, की पंच येऊन आपल्याला सोडवनार."

हे खरं होतं. सिदोबा विचारात पडला, आणि विचाराची त्याला फारशी सवय नव्हती. असं म्हणतात, ती मिठी भर दुपारपासून ऊन उतरेपर्यंत टिकली. हलगी थंडावली. रेवडीवाल्याच्या रेवड्या संपल्या. जाणकारांनी शेजाऱ्यांना समजावलं, की हा अजगरमिठी नावाचा जुना डाव आहे, हल्ली कुणाला येत नाही.

देवळात बसून जानाईला मात्र सगळं दिसत होतं. तिने मान वळवली. ती आजही वळलेलीच आहे. मूर्तिकाराचा हात चुकला असेल, असं बाहेरचे लोक म्हणतात. त्यांना जानाईचा स्वभाव माहीत नाही.

"आपट की रं!" खडकवळणचे दाजीबा पाटील ओरडले. "गावाचं दूध पिलायस!"

सिदोबाने एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा म्हशीकडे. मग येसाजीला तसाच उराशी धरून, खेकड्यासारखा तिरपा तिरपा चालत तो हौदाबाहेर पडला आणि कपडे टांगलेल्या बाभळीआड गेला. दोघं परत आले तेव्हा येसाजीच्या कमरेला सिदोबाचा पंचा होता.

हौदाबाहेर जो पाऊल टाकील तो हरला, असा नियम होता. येसाजीचा पाय तर जमिनीला लागलाच नव्हता. पंचांनी नियमाला धरून बिनचूक निकाल दिला, आणि म्हैस नांदूरठाणच्या वाटेला लागली.

खडकवळणकर सिदोबावर धावून गेले. "आमचं दूध टाक!" एका म्हातारीने तर रिकामा तांब्याच पुढे केला. "का गेलास भाईर? बोल की, मुडद्या!"

सिदोबा मान खाली घालून उभा राहिला. सांगितलं असतं तर तो सुटला असता. पण सांगायचंच होतं, तर मग झाकलं कशाला?

येसाजीला ते बघवेना. तो हौदाच्या कडेवर चढला आणि एका हाताने पंचा घट्ट धरून सासऱ्यांच्या देखत ओरडला, "माजा लंगोट फाटला हुता! ह्यानं माजी लाज राखली, आन् तुमी ह्याची काढताय!"

सासरे सावकाश उठले.

"पोरगी दिली," ते म्हणाले. "पर लग्नात आज्याचं काय नेसू नगंस."

मग येसाजीने म्हशीचा कासरा धरून तिला खडकवळणकडे वळवलं. ती आयुष्यात पहिल्यांदाच तिकडे निघाली होती, त्यामुळे तिला ढकलावं लागलं. असं म्हणतात, एकाच बैठकीत तिने गावातला प्रत्येक तांब्या भरला, म्हातारीचा दोनदा.

आजही जानाईच्या जत्रेत गदा, ढाली आणि फेटे भरपूर वाटतात, आणि भाषणं त्याहून भरपूर होतात. पण सगळ्यात शेवटी दोन्ही गावं मिळून एक साधा सुती पंचा देतात. जिंकायचं सोडून ज्याने समोरच्याची लाज राखली, त्याचा तो मान. मग खेळ कुठलाही असो. त्याचं नाव समोरच्यानेच सांगायचं, आणि काय झाकलं ते कुणी विचारायचं नाही. ज्या वर्षी असं नावच येत नाही, त्या वर्षी पंचा देवीच्या खांद्यावर राहतो.

असं म्हणतात, ज्या वर्षी तो दिला जातो, त्या वर्षी जानाईची मान केसभर सरळ होते.

अजून बरीच वळलेली आहे.