मेणबत्तीचा राखणदार

फार मागे, वसईकडच्या एका चर्चमधल्या उंदराने उपवासकाळात मेण न खाण्याचा नेम धरला. वर ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीची राखणही स्वतःहून अंगावर घेतली.

"तू ती खाणार," भिंतीवरची पाल म्हणाली.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मेणबत्ती अर्धीच उरली होती.

"सैतानानं ढकललं गं मला!" उंदीर रडू लागला. "शिवाय तुझं भाकीत मी खोटं कसं पाडणार?"

"कसलं भाकीत? राखणीला निघालास तेव्हाच मिशा चाटत होतास."

उंदीर ओशाळून हसला. "खरंय. सैतान बिचारा यायच्या आधीच माझं जेवण उरकलं होतं. आता उरलेली अर्धी खाईन का गं मी?"

"ते तुझं तू ठरव."

"तीच तर पंचाईत आहे बाई! तू माझं शेपूट तेवढं धरून ठेव."