साळुंक्यांचा दावा

एका राज्यात, जिथे डोंगर बोलत आणि राजे क्वचितच ऐकत, वज्रकेतू नावाचा राजा होता. त्याने कड्याच्या टोकावर राजवाडा बांधायला काढला. पाथरवटांनी दगड घडवले, गवंड्यांनी भिंती चढवल्या, सुतारांनी सागवानी तुळया बसवल्या. चुना पुरवला गोजरा नावाच्या भट्टीवालीने. तिचा नवरा रायबा गवंड्यांचा नाईक होता. कोणी दाम मागितला की राजा म्हणे, कळस चढला की सगळ्यांचं चुकतं करू. लोकांनी घरची भांडी विकली, धान्य उसनं आणलं आणि काम केलं. राजाचा शब्द होता.

कळस चढला. कारागीर दरबारात गेले. खजिन्यात काही उरलं नव्हतं. होतं ते कळसाच्या सोन्यात गेलं होतं. राजाने कृष्णकंठ जादूगाराकडे पाहिलं. कृष्णकंठाने मूठभर राख उधळली, आणि उभी माणसं साळुंक्या होऊन खिडक्यांतून उडून गेली.

त्या राज्याचा कायदा जुना होता. ज्याचे कष्ट किंवा ज्याचा माल वास्तूत गेला आणि दाम मिळाला नाही, त्याचा त्या वास्तूवर हक्क. पण दावा माणसानेच मांडावा लागे, आणि तोही वास्तूत पहिला दिवा लागण्याआधी. दिवा लागला की हक्क विझला. पाखरांना दावा मांडता येत नाही, हे कृष्णकंठ जाणून होता.

गोजरा तेवढी वाचली. त्या दिवशी पेटती भट्टी सोडून तिला जाता आलं नव्हतं. संध्याकाळी एक साळुंकी तिच्या दारात उतरली आणि रायबाच्या आवाजात झालं ते सगळं सांगू लागली. गोजरा रडली नाही. तिने भट्टी विझू दिली, त्याला खांद्यावर घेतलं आणि ती न्यायाधीशांकडे निघाली.

न्यायाधीश सोमदत्त राजाला भीत, पण कायद्याला त्याहून जास्त भीत. ते म्हणाले, "बाई, तुझं दुःख मला मोजता येत नाही. मला तीन गोष्टी लागतात. माल त्याच वास्तूत गेला, याची साक्ष. राजाने दाम कबूल केला होता, याची साक्ष. आणि पहिल्या दिव्याआधी त्या उंबऱ्यावर उभी राहून दावा मांड. पण ज्याच्यासाठी मांडशील, त्याने आपलं नाव स्वतः सांगायला हवं. नाव सांगेल तो कायद्यासमोर माणूसच."

गोजराने राजवाड्याच्या भिंतीचा गिलावा नखाने खरवडून पदरात बांधला आणि ती चुनखडीच्या डोंगराकडे चालू लागली. डोंगराला हाक कशी घालायची ते रायबाने तिला शिकवलं. डोंगर म्हणाला, माझं सारं नेलंत तेव्हा मला कोणी विचारलं नाही. गोजरा म्हणाली की तिलाही कोणी विचारलं नाही. तेव्हा डोंगराने गिलावा हुंगला आणि ही आपलीच हाडं असल्याचं सांगितलं. सोमदत्तांना ते घरबसल्या ऐकू आलं.

परतताना रायबाला तहान लागली आणि पाण्याला काय म्हणतात ते त्याला आठवेना. तेव्हा गोजराला कळलं: पाखराच्या चोचीतून गेलेला माणसाचा शब्द पुन्हा त्याच्याकडे येत नव्हता. तिने त्याला हात जोडून गप्प राहायला सांगितलं. पण दुसरी साक्ष अजून हवी होती, आणि राजाने पहिल्यांदा वचन कुठल्या घळीत दिलं होतं ते रायबालाच माहीत होतं. त्याने वाट सांगितली, वळणं सांगितली, आणि रिकामा होत गेला.

घळीने राजाचा शब्द जपून ठेवला होता, पण ती फुकट काही देत नसे. तिने गोजराचं हसू मागितलं. गोजराने देऊन टाकलं. तिला त्याचा काही उपयोग राहिला नव्हता. राजाच्या वचनाचा पडसाद मडक्यात भरून, वर फडकं बांधून ती राजवाड्यावर पोहोचली, तेव्हा राजा पणती घेऊन माजघरात शिरत होता आणि सोमदत्त दाराशी उभे होते.

उंबऱ्यावर तिने फडकं सोडलं. राजाचाच आवाज राजवाडाभर घुमला: कळस चढला की सगळ्यांचं चुकतं करू. पणतीची वात काही केल्या पेटेना.

कृष्णकंठ पुढे आला. "तुझ्या चुन्याचा पुरता दाम घे," तो हळू आवाजात म्हणाला. "नवराही माणूस करून देतो. फक्त म्हण की या वास्तूवर कोणाचंच काही देणं उरलं नाही."

वळचणीला साळुंक्या दाटीवाटीने बसल्या होत्या. गोजराने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने रायबाकडे पाहिलं. फार चालली होती ती. हो म्हणायला तिचे ओठ उघडले.

"बाकीचे?" रायबा म्हणाला.

तिने ओठ मिटले. कृष्णकंठाकडे पाठ फिरवून तिने दावा मांडला, आणि एकेका साळुंकीला नाव विचारलं. कोणी सांगितलं, कोणाला आठवेना. ज्यांनी सांगितलं ते तिथेच माणूस होऊन भिंतीला धरून उभे राहिले.

शेवटी तिने खांद्यावरून रायबाला हातावर घेतलं. "अहो," ती म्हणाली, "नाव सांगा."

रायबाने चोच उघडली. साळुंकीची शीळ बाहेर आली.

तिने पुन्हा विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. तो बावरला, तिच्या बोटाला चोच मारून सुटला, आणि नाव विसरलेल्या इतर पाखरांबरोबर कड्यापलीकडे गेला. सोमदत्तांनी मान खाली घातली. कायद्यात याला उपाय नव्हता.

राजवाड्यावर कारागिरांचा हक्क मान्य झाला. राजाला कळस उतरवून, वितळवून सगळ्यांचं चुकतं करावं लागलं. कृष्णकंठाची राख पुन्हा उडाली नाही. त्याला वेशीबाहेर काढलं. कारागिरांचं देणं फिटल्याशिवाय वास्तूत दिवा लावायचा नाही, अशी दवंडी फिरली. लोक अजूनही तो नियम पाळतात.

गोजराच्या हातात चुन्याचा दाम पडला. रायबाची मजुरीही तिलाच दिली. ती घरी गेली आणि तिने भट्टी पेटवली.

थंडीत भट्टीच्या भिंतीला ऊब असते, म्हणून तिथे साळुंक्या येतात. गोजरा त्यांना दाणे टाकी आणि बराच वेळ एकेकीकडे बघत राही. त्यांतला रायबा कोणता, हे तिला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.