पाठीला विचारा

बाजार समितीचे सभापती बाजीराव डांगे यांनी आपल्या टर्बो गाडीचा सायलेन्सर काढून सरळ पाइप बसवला, आणि नाक्यावरच्या प्रसूतिगृहातली बाळं दचकून उठू लागली. सभापतींना कोण बोलणार? शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्या शहनाज मुजावरने तोंड उघडलं.

"साहेब, या पाइपाने नुसता आवाज वाढलाय."

"अगं, गाडी दुप्पट पळते! खोटं ठरवून दाखव, पाइप काढतो. नाही जमलं तर तुझ्या गॅरेजला कुलूप!"

शहनाज हो म्हणाली. ग्राइंडरवर काम करताना लावायचे, आवाज अडवणारे जाड कप तिने सभापतींच्या कानांवर चढवले, त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी घाटाच्या चढावर दोनदा नेली. एकदा पाइप लावून, एकदा जुना सायलेन्सर लावून. ती जोडणी करत असताना सभापती आत चहा घेत होते, त्यामुळे कधी काय लावलंय ते त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या फेरीनंतर ते ओरडले, "हाच माझा पाइप! पाठ सीटला चिकटली!"

गॅरेजपाशी जमलेल्या लोकांनी वाकून पाहिलं. खाली जुना सायलेन्सर होता.

"म्हणजे पाइपात दमच नाही?" सभापतींनी विचारलं.

"धुराला वाट मोकळी झाली की टर्बो थोडा जोर धरतो, पण इंजिनाची सेटिंगही बदलावी लागते. ती तुम्ही बदललीच नाही. ताकद दुप्पट झाली असती तर तुमच्या पाठीला कळली असती, साहेब. वाढलाय तो आवाज, आणि तो बाळांनासुद्धा कळलाय."

हसू आवरत सभापती म्हणाले, "राहू दे हाच सायलेन्सर."