साळूचा उष्टा दगड

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळू, म्हणजे अंगभर काटे असलेली साळिंदर, राहत असे. तिची आई वारली, तेव्हा बिळात मागे एकच मोठी वस्तू राहिली, भोपळ्याएवढा पांढराशुभ्र दगड. जरासे ऊन आत आले की त्याचे पैलू लखलखत. एका बाजूला मात्र तो खाचाखाचांचा होता. साळूला त्याची लाज वाटे, म्हणून ती बाजू तिने भिंतीकडे करून ठेवली होती. जाण्याआधी आईने दगडावर पंजा ठेवून एवढेच म्हटले होते, "सांभाळ हं, बाळ."

तेव्हापासून साळूच्या जिवाला चैन नव्हते. कंद खणायला जावे, तर पान वाजले तरी तिला वाटे, दगड कोणी नेला! अर्धा कंद टाकून ती धावत घरी येई. दगड जागच्या जागी असे. मग ती त्यावर पाला पसरी, पुन्हा पाला काढून बघे. मुलांनो, साळूचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. काहीतरी कठीण कुरतडून ते झिजवावे लागतात. पण हाडूक शोधत फिरायला हिला सवड कुठे होती? दात इतके वाढले की कंद चावता येईना. ती वाळत चालली.

"साळूताई, टेकडीवर मांडून ठेव की!" कावळा म्हणाला. "सगळं जंगल बघायला येईल."

"आणि कोणी उचलला तर?"

"मग तुझी काळजी तरी मिटेल!" कावळा हसत उडाला.

कोल्हा मात्र हसला नाही. "मला दे," तो गोड आवाजात म्हणाला. "माझी गुहा कोरडी आहे. तू बापडी सुखानं जेव."

भूक आता साळूला सोसवेना. "ने बाबा, कोल्हेदादा," ती म्हणाली. दोघांनी दगड लोटत दाराशी आणला. तिथे तो कलंडला आणि खाचांची बाजू उजेडात आली.

"शी! हा तर उष्टा आहे! कोणीतरी कुरतडलाय. मला नको असला," असे म्हणून कोल्हा चालता झाला.

साळू एकटीच खाचांकडे बघत राहिली. त्या दोन-दोनच्या जोडीने होत्या. वरच्या ताज्या, खालच्या जुन्या आणि गुळगुळीत. तिने हळूच आपले दात एका जोडीला लावून पाहिले. ते बरोबर बसले.

"आईचा उष्टा," ती पुटपुटली. "आणि खालचा आजीचा." आई दगड सांभाळायला सांगत नव्हती. ती दात सांभाळायला सांगत होती.

कर्र, कर्र! साळू दगड कुरतडू लागली. झाडावरून कावळा ओरडला, "अगं, झिजेल ना तो!"

"झिजू दे," भरल्या तोंडाने साळू म्हणाली. मग ती कंद खणायला गेली आणि पान वाजले तरी तिने मागे वळून पाहिले नाही.

तात्पर्य : वारशाने आलेली वस्तू ज्या कामासाठी घरात आली, त्या कामाला लावणे म्हणजेच ती सांभाळणे.