जातं जागचं हलणार नाही!

गोजराच्या अंगणातलं जातं राजवाड्यात गेलं आणि कलाकृती झालं!

झालं असं, की रणधीरराजांना नव्या कलेचं वेड लागलं. दरबारी कलावंत चित्रभानूने माणसं धाडून गावात दिसेल ते उचलून आणलं, दिवाणखान्यात मांडलं आणि प्रदर्शन भरवलं. उलटी खाट म्हणजे ‘विरह’. फुटका रांजण म्हणजे ‘सत्य’. गोजराच्या जात्यावर फाटकी वहाण टांगली, ते ‘काळाचं दुखणं’! मानकरी यायचे, माना डोलवायचे आणि घरी जाऊन कपाळाला हात लावायचे. राजांसमोर ‘कळलं नाही’ म्हणायची छाती कुणाची?

गोजरा धावत आली. “महाराज, उद्या माझ्या धाकट्या बहिणीची हळद नि लगेच लग्न. आम्हाला आईबाप नाहीत. आईचं म्हणून हे एवढं जातंच उरलंय. सुंद्रीची हळद त्याच्यावरच दळायचीय. द्या ना परत!”

“अगं, कलाकृती आहे ती!” चित्रभानू डोळे मिटून म्हणाला. “ती नुसती बघायची नसते. बघणाऱ्यानं तिच्यात सामील व्हायचं असतं!”

राजे हट्टाला पेटले. “जातं तसूभरही हलणार नाही! न हलवता हळद दळून दाखव!”

“जशी आज्ञा,” गोजरा म्हणाली. आणि पदर खोचून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी राजे पाहुण्यांना प्रदर्शन दाखवायला आले, तर दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही! वहाण कोपऱ्यात फेकलेली. जात्याला आंब्याची पानं नि सुपारी बांधलेली. सवाष्णी ओव्या गात हळद दळतायत. ‘विरह’ सुलटा करून त्यावर करवल्या बसलेल्या, आणि ‘सत्या’त आंब्याचे डहाळे खोचलेले!

“हे काय चाललंय?” राजे गरजले.

“सामील झालोय, महाराज!” गोजरा म्हणाली. “जातं जागचं हललं नाही, बघा हवं तर.”

“दळलीत ना हळद? मग उठा आता!”

“उठायचं कसं? आमच्यात जिथं जातं पुजलं, तिथंच मांडव. लग्न लागेपर्यंत तो हलवत नाहीत. आणि मांडव ज्याच्या दारी, तो नवरीचा बाप!”

बाहेर ताशा कडाडला. गोजराने पाण्याचा तांब्या राजांच्या हातात ठेवला.

“वऱ्हाड वेशीत आलं, महाराज. चला, व्याह्यांचे पाय धुवायला!”

 राजे असे खदखदून हसले, की तांब्यातलं निम्मं पाणी चित्रभानूच्या अंगावर सांडलं. “हरलो, पोरी!”

लग्न वाड्यातच लागलं. राजांनी खरोखर पाय धुतले, दोघी बहिणींना पैठण्या दिल्या आणि जातं पालखीतून घरी धाडलं. पालखीला खांदा चित्रभानूचा!

फाटकी वहाण तेवढी दिवाणखान्यात राहिली. मानकरी तिच्यासमोर अजून माना डोलवतात.