वळण लावणारं औषध

"पण बाई, मेल्याच नाहीत, तर ठेवायच्या कशाला?"

श्रीरंगने हे विचारलं तेव्हा पेशींची ताटली ब्लीचच्या बादलीवर तिरपी झालीच होती.

आमच्या प्रयोगशाळेची रीतच तशी. औषध घालायचं, मेलेल्या पेशी मोजायच्या. जगल्या तर औषध नापास. श्रीरंग या कामात पटाईत, आणि तोराही तेवढाच.

पेशी रेवतीच्या होत्या. मिरजेची कॉलेजात जाणारी पोर. मांडीच्या हाडात कॅन्सर, आणि तो केमोला दाद देईना. तिच्या पेशींची ही शेवटची ताटली. काही लागू पडणार आहे का, की पाय काढायचा, असं तिचे डॉक्टर विचारत होते.

आमच्या प्रमुख रेगेबाई. त्यांनी या वेळी आधी वळण लावणारं औषध घालायला लावलं होतं. या पेशी हाड व्हायला निघालेल्या आणि मध्येच भरकटलेल्या. त्यांना पुन्हा हाडाच्या वळणावर आणायचं, मग केमो द्यायची. श्रीरंगला हे थोतांड वाटे. कॅन्सरला कसले संस्कार, असं तो चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणायचा.

बाईंनी बादलीवर आडवा हात धरला.

ताटली पुन्हा टेबलावर आली.

मग त्यांनी ताटलीच्या एका कप्प्यात रंग घालायला सांगितला. कॅल्शियम असेल तिथेच धरणारा रंग. धुतल्यावरही कप्पा लाल राहिला. हाड धरू लागलं होतं. श्रीरंगचं तोंड बघण्यासारखं झालं, आणि मला बरं वाटलं.

उरलेल्या कप्प्यांत केमो घातली, नेहमीच्या निम्मी. पूर्ण मात्रेलाही भीक न घालणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या पेशी दोन-चार दिवसांत गेल्या. काही मात्र राहिल्या.

त्या श्रीरंगच्या डोळ्यांत खुपू लागल्या. मात्रा वाढवून याही संपवतो, म्हणाला.

"वाढतायत का त्या?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय करतायत?"

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हाड बांधतायत."

"मग?"

"पण बाई... मारायच्या होत्या ना आपल्याला?"

"मारायच्या तुला होत्या, श्रीरंग. रेवतीला चालायचंय."