देवीमागचा पिवळा दिवा

गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर तुम्ही सगळ्यांत आधी काय कराल?

हणमंतने त्यावर देवीचं स्टिकर चिकटवलं.

हणमंत डोंगरावरच्या मठाची गाडी चालवायचा. वाडीतलं कुणी आजारी पडलं, की घाट उतरून तालुक्याच्या दवाखान्यात तोच घेऊन जायचा. त्याची गाडी घाटात कधीच बंद पडली नव्हती. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण तो ती सगळ्यांना सांगायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मठाच्या गंगामाय गाडीपाशी आल्या. हणमंत त्यांना गुरू मानत असे. तो फडकं घेऊन काच पुसत होता. गाडी लखलखत होती.

"उद्या सुताराच्या सुवर्णाला न्यायचंय ना रे?"

"होय माय. पहिलटकरीण आहे, त्यात मूल आडवं. डॉक्टरांनी सकाळीच बोलावलंय. तुम्ही घोर लावून घेऊ नका. माझी गाडी आहे."

मायनी खिडकीतून आत बघितलं.

"ही देवी इथं कधी बसली?"

"...काल."

"तिच्यामागं काय उजळतंय?"

हणमंत हसला. "काही नाही हो माय. एक दिवा आहे. गाडीत बसणारे उगाच विचारत राहतात, म्हणून झाकला. या नव्या गाड्या म्हणजे लाडावलेल्या. शिंक आली तरी दिवा लावतात."

"गाडी ठीक आहे म्हणतोस?"

"एकदम."

माय दार उघडून पुढच्या सीटवर बसल्या. पदर सावरला.

"चल मग. मला घाट उतरून परत आण."

"आत्ता?"

"आत्ता."

हणमंत स्टिअरिंगपाशी बसला. किल्ली काढली. पण ती लावली नाही.

"माय... तुम्ही नका येऊ."

"का?"

"चढाला हिसके देते जरा. आणि तो दिवा नुसता जळत नाही, उघडझाप करतो. उघडझाप करायला लागला, की गाडी पुढं दामटू नये म्हणतात."

"आणि सुवर्णाला नेलेलं चालतं?"

बाहेर कुणीतरी विहिरीवर बादली सोडली...

मायनी नखानं स्टिकर सोडवलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हिला मध्ये घालू नकोस. दिवा लागायच्या आधी गाडीला काय केलंस, ते सांग."

"काही नाही. पूजेसाठी धुतली."

"ती तर तू रोज धुतोस."

"या वेळी इंजिन धुतलं. नळी लावून, चांगलं जोरात. सगळ्या घाटात कुणाचं इंजिन असं चमकत नव्हतं माय. लोक बॉनेट उघडायला लावून बघत होते. मी तर वरून कळशीभर पाणी..."

तो मध्येच थांबला.

मग उतरला, बॉनेट उघडलं. प्लगला ठिणगी देणारी एकेक कॉइल उपसून बघितली. शेवटच्या प्लगच्या खळग्यात पाणी साचलं होतं. कॉइलचं टोक हिरवं पडलं होतं.

"मीच पाजलं हिला," तो हळूच म्हणाला.

त्यानं पाणी टिपून घेतलं, फुंकर मारली, कॉइल पुसून उन्हात ठेवली. ऊन कलेपर्यंत तो तिथंच उकिडवा बसून होता. माय ओट्यावर शेंगा सोलत होत्या.

मग सगळं जागच्या जागी बसवून त्यानं गाडी चालू केली.

इंजिन थरथरलं. दिवा उघडझाप करू लागला.

त्यानं गाडी बंद केली.

"कॉइल गेली माय. नवी तालुक्यातनंच आणायला लागणार."

"मग उद्याचं?"

"दस्तगीरची वडापची जीप आहे..."

ते नाव त्याच्या तोंडून कसंबसं बाहेर पडलं.

"मग सांग त्याला."

"मी? माय, त्याच्या जीपला मी चार माणसांत खटारा म्हणालोय. एकदा नाही, कैक वेळा."

"चालतो का तो खटारा?"

"...चालतो. खरं सांगायचं तर नीट चालतो."

"मग?"

"तो सगळ्यांसमोर म्हणेल, या ड्रायव्हरसाहेब, बसा आमच्या खटाऱ्यात."

"मग बस."

हणमंतला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तो किल्ली मुठीत घेऊन उभा राहिला. खाली पारावर माणसं जमायला लागली होती. दस्तगीरची जीपही प्रवासी भरायला तिथंच उभी होती.

"आजवर एकदासुद्धा असं झालं नाही माय. आता सगळी वाडी म्हणेल, हणमंतची गाडी बंद पडली."

मायनी शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं. त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं, जसं पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोराकडे आई बघते.

"पडली कुठं? तू बंद ठेवलीस. जा, ताठ मानेनं सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णा दस्तगीरच्या जीपमधून वेळेत दवाखान्यात पोचली. तिची पिशवी मांडीवर घेऊन हणमंत मागच्या सीटवर बसला होता.